बीटल्सला जगासमोर आणणारा दुकानदार ३२ व्या वर्षी गेला, आणि तीन वर्षांच्या आत बँड फुटला

बीटल्स म्हटलं की चार नावं आठवतात. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. बँड का फुटला असं विचारलं की बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं असतं, योको ओनोमुळे.

पण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. तो गिटार वाजवत नव्हता, गात नव्हता, गाणी लिहीत नव्हता. त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं. तो आला तेव्हा बीटल्स लिव्हरपूलच्या एका तळघरात वाजवणारी पोरं होती आणि तो गेला तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी नावं होती. आणि तो गेल्यावर तीन वर्षं पुरी व्हायच्या आत बीटल्स नावाचं प्रकरण संपलं.

त्या माणसाचं नाव ब्रायन एपस्टाईन.

हा माणूस नेमका कोण होता, त्याने काय केलं, कुठे चुकला आणि तो गेल्यावर बँडची घडी का विस्कटली, तेच बघूया.

दुकानदाराचं पोरगं, पण मन दुकानात नाही

ब्रायनचा जन्म १९ सप्टेंबर १९३४ चा, लिव्हरपूलमधला. घराणं ज्यू. आजोबा आयझॅक लिथुआनियातून इंग्लंडला आले आणि त्यांनी फर्निचरचं दुकान टाकलं. वडील हॅरी यांनी ते वाढवलं. शेजारीच वाद्यांचं एक दुकान होतं, नॉर्थ एंड म्युझिक स्टोअर्स. एपस्टाईन कुटुंबाने तेही घेतलं. याच नावातल्या आद्याक्षरांवरून पुढे नेम्स ही कंपनी उभी राहिली. गंमत म्हणजे पॉल मॅकार्टनीच्या घरातला पियानो याच दुकानातून आला होता.

थोडक्यात काय, तर घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण पोरगं कुठे रमत नव्हतं.

ब्रायनने एकामागून एक शाळा बदलल्या. दहा वर्षांचा असताना एका शाळेने तर काढूनच टाकलं. त्याला चित्र काढायला आवडायचं, कपड्यांच्या डिझाइनमध्ये डोकं चालायचं. मोठेपणी ड्रेस डिझायनर व्हायचं असं त्याने घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला. थोरल्या मुलाने घरचा धंदा बघायचा, हा तेव्हाचा रिवाज. सोळावं वर्ष लागायच्या सुमारास शाळा सुटली आणि ब्रायन फर्निचरच्या दुकानात उभा राहिला.

मग सक्तीच्या लष्करी नोकरीसाठी बोलावणं आलं. तिथेही त्याचं जमलं नाही, मुदत संपायच्या आधीच त्याला घरी पाठवलं गेलं. मग नाटकाचं वेड लागलं. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या नावाजलेल्या संस्थेत त्याने १९५६ मध्ये प्रवेश मिळवला. तीन सत्रं काढली आणि तेही सोडून लिव्हरपूलला परत आला.

जे हातात घेईल ते अर्धवट सोडणारा मुलगा, अशी त्याची ओळख व्हायला लागली होती.

त्याच्या या अस्वस्थपणाला आणखी एक कारण होतं, आणि ते तो उघड बोलू शकत नव्हता. ब्रायन समलैंगिक होता. त्या काळात इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलैंगिक संबंध हा गुन्हा होता, त्यासाठी तुरुंगवास व्हायचा. ही भीती नुसती कागदावरची नव्हती. लिव्हरपूलमध्ये एकाने ब्रायनला मारहाण करून लुटलं आणि वर पैशांसाठी ब्लॅकमेल करायला सुरुवात केली. पोलिसांत जावं तर स्वतःचंच गुपित फुटणार. तरीही घरच्यांच्या आधाराने तो पोलिसांत गेला आणि तो माणूस आत गेला. पण आपलं खरं आयुष्य लपवूनच जगायचं आहे, ही जाणीव ब्रायनला कायमची चिकटली.

रेकॉर्डचं दुकान मात्र जमलं

वडिलांनी दुकानातला रेकॉर्डचा विभाग ब्रायनच्या हाती दिला आणि इथे पहिल्यांदा त्याची गाडी रुळावर आली. १९५९ मध्ये लिव्हरपूलच्या व्हाइटचॅपल भागात नेम्सचं मोठं दुकान उघडलं, ते तोच सांभाळू लागला.

त्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने मागितलेली रेकॉर्ड दुकानात नसली तरी परत पाठवायचं नाही, कुठूनही मागवून द्यायची. कोणती रेकॉर्ड किती खपतेय, कोणती संपत आलीय, याची तो बारकाईने नोंद ठेवायचा. बघता बघता नेम्सचं नाव उत्तर इंग्लंडमधल्या रेकॉर्डच्या मोठ्या दुकानांत घेतलं जाऊ लागलं.

याच काळात लिव्हरपूलमध्ये गल्लोगल्ली पोरांचे बँड तयार होत होते. मर्सी बीट नावाचं पाक्षिक त्यांच्या बातम्या छापायचं, ते ब्रायनच्या दुकानात विकायला असायचं आणि ऑगस्ट १९६१ पासून ब्रायन त्यात रेकॉर्डवर सदरही लिहायचा.

ब्रायनने स्वतः सांगितलेली गोष्ट अशी की, ऑक्टोबर १९६१ च्या शेवटी एक तरुण गिऱ्हाईक दुकानात आलं आणि त्याने 'माय बॉनी' ही रेकॉर्ड मागितली. जर्मनीत निघालेल्या या रेकॉर्डवर बीटल्सने टोनी शेरिडन या गायकाला साथ दिली होती. रेकॉर्ड दुकानात नव्हती आणि चौकशी करताना ब्रायनला कळलं की हा बँड आपल्याच गावचा आहे. मर्सी बीटच्या संपादकाला मात्र ही गोष्ट पटत नाही. ज्या पाक्षिकात ब्रायन लिहायचा त्याच्या पानापानांवर बीटल्स होते, मग त्याला नाव माहीतच नव्हतं हे कसं, असं त्याचं म्हणणं.

ते काहीही असो, पुढचं मात्र पक्कं आहे.

९ नोव्हेंबर १९६१ ला दुपारी ब्रायन आपला सहायक अॅलिस्टर टेलर याला घेऊन मॅथ्यू स्ट्रीटवरच्या कॅव्हर्न क्लबच्या पायऱ्या उतरला. जुन्या गोदामाचं तळघर, भिंतींना ओल, सिगारेटचा धूर आणि घामाचा वास. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या पोरी आणि दुकानांतली पोरं इथे गाणी ऐकायला यायची. त्या गर्दीत सूट घालून आलेला सत्तावीस वर्षांचा ब्रायन उठून दिसत होता.

स्टेजवर चामड्याची जाकिटं घातलेली चार पोरं होती. जॉन एकवीसचा, पॉल एकोणीसचा, जॉर्ज अठराचा आणि ड्रमवर पीट बेस्ट. गाता गाता खात होती, सिगारेट ओढत होती, प्रेक्षकांकडे पाठ फिरवून आपापसात मस्करी करत होती. जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून त्यांचे हात तयार झाले होते, पण शिस्त औषधालाही नव्हती.

ब्रायनला त्यांचं संगीत आवडलं, ताल आवडला आणि त्यांचा विनोदी स्वभाव त्याहून जास्त आवडला. महिन्याभरात त्याने त्यांना मॅनेजर होण्याचा प्रस्ताव दिला. बँड सांभाळण्याचा अनुभव किती? शून्य.

२४ जानेवारी १९६२ ला करार झाला. त्यावर चारही पोरांनी सह्या केल्या, ब्रायनने मात्र केली नाही. आपल्याला काम जमलं नाही तर पोरं अडकून पडू नयेत, त्यांना सोडून जाता यावं, असं कारण त्याने दिलं.

सूट, कंबरेतून वाकून नमस्कार आणि नकारांची रांग

मॅनेजर झाल्यावर ब्रायनने पहिल्यांदा स्टेजवरचं वागणं सुधारायला घेतलं. खाणं बंद, शिव्या बंद, सिगारेट बंद. वेळेवर यायचं. गाणं संपलं की चौघांनी एकदम कंबरेतून वाकून प्रेक्षकांना अभिवादन करायचं. चामड्याची जाकिटं गेली आणि एकसारखे शिवलेले सूट आले. एकेकाळी ड्रेस डिझायनर व्हायचं आणि नाटकात जायचं स्वप्न बघणाऱ्या माणसाला ते सगळं शिक्षण इथे कामी आलं.

त्याने संगीतात मात्र हात घातला नाही. काय वाजवायचं ते त्यांनी ठरवायचं, लोकांसमोर कसं उभं राहायचं ते त्याने.

आता प्रश्न होता रेकॉर्ड कंपनीचा. १ जानेवारी १९६२ ला लंडनच्या डेक्का कंपनीत ऑडिशन झाली. आदल्या दिवशी बर्फातून व्हॅन हाकत पोरं लंडनला पोचली होती. त्यांनी १५ गाणी वाजवली. डेक्काने नकार दिला. गिटारवाल्या बँडचे दिवस संपत आलेत असं आपल्याला सांगण्यात आलं, असं ब्रायनने पुढे लिहिलं. डेक्काच्या अधिकाऱ्याने मात्र असं काही बोलल्याचं नाकारलं.

मग दुसरी कंपनी, तिसरी कंपनी. ब्रायन दुकान सांभाळून लंडनच्या फेऱ्या मारायचा आणि संध्याकाळी नकार घेऊन परत यायचा. स्टेशनवर पोरं वाट बघत असायची. दरवेळी काहीतरी आशेचं सांगून तो त्यांना सावरायचा.

शेवटी टेपवरची गाणी डिस्कवर उतरवून घ्यायला तो ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एचएमव्हीच्या दुकानात गेला. तिथून ओळखीने ओळख निघत गेली आणि तो ईएमआयच्या पार्लोफोन या छोट्या विभागाच्या जॉर्ज मार्टिनपर्यंत पोचला. मार्टिन तोवर विनोदी रेकॉर्ड काढण्यासाठी प्रसिद्ध होता. ६ जून १९६२ ला बीटल्स पहिल्यांदा अॅबे रोडच्या स्टुडिओत गेले.

करार झाला, पण तो किती रुपयांचा? एका सिंगल रेकॉर्डमागे एक पेनी. तीही चौघांत वाटून. इतके दरवाजे बंद झाल्यावर घासाघीस करायला जागाच नव्हती.

मार्टिनला पीट बेस्टचं ड्रमिंग पसंत पडलं नाही आणि बाकी तिघांनाही तो नको होता. हे सांगायचं कोणी? पोरांनी ते काम ब्रायनवर ढकललं. १६ ऑगस्ट १९६२ ला ब्रायनने पीटला ऑफिसात बोलावून बँडमधून काढल्याचं सांगितलं. त्याच्या जागी रिंगो स्टार आला. चिडलेल्या चाहत्यांमुळे पुढचे काही दिवस ब्रायनला कॅव्हर्नमध्ये जाणंही अवघड झालं होतं. त्याच महिन्यात जॉनने सिंथियाशी लग्न केलं, तेव्हा नवऱ्यामुलाच्या बाजूने बेस्ट मॅन म्हणून ब्रायनच उभा होता.

त्यानंतर जे झालं ते इतक्या वेगाने झालं की कोणालाच आवरलं नाही

५ ऑक्टोबर १९६२ ला 'लव्ह मी डू' आलं आणि ब्रिटिश यादीत १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात त्यांनी पहिल्या अल्बमसाठी दहा गाणी रेकॉर्ड केली. वर्ष संपेपर्यंत वर्तमानपत्रांना या वेडासाठी नवा शब्द सापडला होता, बीटलमेनिया. नोव्हेंबरमध्ये ते राजघराण्यासमोर वाजवत होते.

ब्रायनकडे एकटे बीटल्स नव्हते. गेरी अँड द पेसमेकर्स, बिली जे क्रेमर, सिला ब्लॅक ही लिव्हरपूलची मंडळीही त्याचीच. गेरीच्या बँडची पहिली तिन्ही सिंगल्स ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातलं तिसरं 'यू विल नेव्हर वॉक अलोन', जे आजही लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मैदानावर हजारो लोक एकत्र गातात.

पण ब्रायनची खरी चाल अमेरिकेची.

तोवर ब्रिटिश गायकांना अमेरिकेत कोणी विचारत नव्हतं. ईएमआयच्या मालकीच्या कॅपिटॉल कंपनीनेसुद्धा बीटल्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड तिकडे काढल्या नव्हत्या. नोव्हेंबर १९६३ मध्ये ब्रायन न्यूयॉर्कला गेला आणि एड सलिव्हनच्या टीव्ही शोसाठी बोलणी केली. त्याने पैसे कमी घेतले, तीन कार्यक्रमांचे मिळून १०,००० डॉलर. पण एका अटीवर अडून बसला. कार्यक्रमात पहिलं नाव बीटल्सचं पाहिजे.

९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकन लोक तो शो बघत होते. ४ एप्रिल १९६४ च्या आठवड्यात बिलबोर्डच्या यादीतल्या पहिल्या पाचही जागांवर बीटल्सची गाणी होती. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांवर लोक जमले. रॉकचे कार्यक्रम स्टेडियममध्ये करायची पद्धत खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली.

कॅव्हर्नच्या पायऱ्या उतरून ब्रायनला तेव्हा पुरती चार वर्षंही झाली नव्हती.

जिथे ब्रायन चुकला

आता दुसरी बाजूही बघायला हवी. ब्रायनला माणसं कळायची, लोकांना काय आवडेल ते कळायचं, पण इतक्या मोठ्या पैशांचे करार त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. खरं तर त्या वेळी कोणीच पाहिले नव्हते.

बीटल्सच्या नावाने विग, बाहुल्या, टी-शर्ट, डबे असं काय वाट्टेल ते विकलं जाऊ लागलं. या मालाचे हक्क ब्रायनच्या वकिलामार्फत एका दुसऱ्या कंपनीला दिले गेले. वाटणी कशी ठरली? ९० टक्के त्या कंपनीला आणि १० टक्के नेम्सला. चूक लक्षात आल्यावर ब्रायनने करार बदलून घेतला खरा, पण तोवर प्रकरण कोर्टात गेलं. गोंधळ बघून अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी ऑर्डरी मागे घेतल्या. किती पैसा हातातून गेला याचा नेमका हिशोब लागणं कठीण.

गाण्यांच्या हक्कांचंही तसंच. १९६३ च्या सुरुवातीला जॉन आणि पॉलच्या गाण्यांसाठी नॉर्दर्न साँग्ज नावाची कंपनी काढली गेली. त्यात निम्मा वाटा प्रकाशक डिक जेम्स आणि त्याच्या भागीदाराचा, जॉन आणि पॉलला प्रत्येकी २० टक्के आणि नेम्सला १० टक्के. म्हणजे ज्यांनी गाणी लिहिली त्यांचा ताबा पहिल्या दिवसापासून नव्हता. त्या वेळी कोवळ्या पोरांना कंपनीत इतका वाटा मिळणं हीच मोठी गोष्ट मानली गेली. पुढे मात्र हीच गोष्ट आयुष्यभराची जखम झाली.

ब्रायनच्या बाजूने एवढं नक्की म्हणता येईल की त्याने पोरांना फसवलं नाही. तो २५ टक्के कमिशन घ्यायचा आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्या धंद्यात कलाकारांना लुटून पसार होणारे मॅनेजर कमी नव्हते.

१९६६, जेव्हा सगळंच फिरलं

जुलै १९६६ मध्ये बीटल्स फिलिपिन्सला गेले. तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी त्यांना राजवाड्यावर बोलावलं होतं. अशा सरकारी समारंभांना जायचं नाही, हे बँडचं ठरलेलं धोरण. पण तिथे याचा अर्थ राष्ट्राचा अपमान असा घेतला गेला. पोलीस बंदोबस्त काढून घेतला, विमानतळावर धक्काबुक्की झाली आणि कराच्या नावाखाली पैसे भरल्यावरच विमान सुटलं. तिथून ते दिल्लीला आले, तिथे जॉर्जने सतार विकत घेतली.

हे निवतं न निवतं तोच जॉनने ख्रिस्ताच्या लोकप्रियतेशी बीटल्सची तुलना केल्याची जुनी मुलाखत अमेरिकेत पुन्हा छापली गेली. दक्षिणेकडच्या राज्यांत रेकॉर्डच्या होळ्या पेटल्या. ब्रायन तातडीने न्यूयॉर्कला गेला आणि पत्रकारांसमोर बसून बाजू सावरत राहिला.

२९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बीटल्सनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. आरडाओरड्यात आपलंच वाजवलेलं ऐकू येत नाही, जीव मुठीत धरून फिरावं लागतं, त्यापेक्षा स्टुडिओत बसलेलं बरं, असं चौघांनी ठरवलं. महिन्याभरात जॉर्ज मुंबईत होता. ताजमहाल हॉटेलात उतरून पंडित रविशंकर यांच्याकडे सतारीचे धडे घेत होता.

चौघांना नवी वाट सापडली होती. पण ब्रायनचं काय?

दौरे ठरवणं, हॉटेलं, विमानं, पत्रकार, बंदोबस्त, स्टेजवरचं दिसणं हे त्याचं काम. दौरेच नाहीत म्हटल्यावर त्याला कामच उरलं नाही. स्टुडिओत जॉर्ज मार्टिन होता, तिथे मॅनेजरची गरज नव्हती. नाही म्हणायला जानेवारी १९६७ मध्ये त्याने ईएमआयशी नऊ वर्षांचा नवा करार केला आणि रेकॉर्डमागचा मोबदला चांगलाच वाढवून घेतला. लंडनचं सॅव्हिल थिएटर चालवायला घेऊन तिथे जिमी हेंड्रिक्ससारख्यांचे कार्यक्रम लावले. पण आतून तो खचत चालला होता. झोप येत नव्हती, म्हणून गोळ्या. दिवसा उभं राहता यावं म्हणून वेगळ्या गोळ्या. मध्ये उपचारांसाठी दवाखान्यातही राहून आला.

त्यात बीटल्सशी असलेला त्याचा पाच वर्षांचा करार ऑक्टोबर १९६७ मध्ये संपणार होता. पोरं आपल्याला ठेवतील की नाही, ही चिंता त्याला कुरतडत होती.

जुलै १९६७ मध्ये वडील गेले. त्याच महिन्यात, २७ जुलैला, इंग्लंडमध्ये नवा कायदा मंजूर झाला. २१ वर्षांवरच्या पुरुषांमधले खासगीतले समलैंगिक संबंध यापुढे गुन्हा राहणार नव्हते. ज्या भीतीत ब्रायनचं सगळं तारुण्य गेलं, ती निदान कायद्याच्या पुस्तकातून गेली.

त्यानंतर बरोबर एक महिन्याने, २७ ऑगस्ट १९६७ ला, लंडनच्या घरातल्या बंद खोलीत ब्रायन मृतावस्थेत सापडला. वय अवघं ३२.

आत्महत्या की अपघात, अशी चर्चा तेव्हाही झाली आणि आजही होते. चौकशीचा निकाल मात्र स्पष्ट आहे. झोपेच्या औषधाची मात्रा बरेच दिवस अंगात साठत गेली आणि त्यातून अपघाती मृत्यू झाला. वडील नुकतेच गेलेले, आई एकटी पडलेली, अशा वेळी तो मुद्दाम असं करणार नाही, असं जवळच्या अनेकांचं मत होतं.

त्या दिवशी बीटल्स वेल्समधल्या बँगोर गावी महर्षी महेश योगींच्या ध्यान शिबिरात होते. ब्रायनही नंतर तिकडे जाणार होता. बातमी त्यांना तिथेच कळली. पत्रकारांची झुंबड उडून कुटुंबाला त्रास होऊ नये म्हणून चौघेही लिव्हरपूलच्या अंत्यविधीला गेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सिनेगॉगमध्ये झालेल्या स्मृतिसभेला मात्र चौघे आले.

घरातला मोठा माणूस गेल्यावर

पुढची अडीच-पावणेतीन वर्षं बघितली की ब्रायन नेमकं काय करत होता ते कळतं.

डिसेंबर १९६७ मध्ये त्यांनी स्वतःच बनवलेली 'मॅजिकल मिस्टरी टूर' ही टीव्ही फिल्म बीबीसीवर लागली आणि समीक्षकांनी ती धुऊन काढली. बीटल्सला अशी टीका नवीन होती. हे दाखवू नका, असं ठामपणे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज पुन्हा मुंबईला येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसोबत रेकॉर्डिंग करून गेला. फेब्रुवारीत चौघे ऋषिकेशला महर्षींच्या आश्रमात गेले, ढीगभर गाणी घेऊन आले, पण येताना वेगवेगळे आले. याच काळात कर वाचवावा आणि कलाकारांनाही मदत व्हावी म्हणून अॅपल ही कंपनी काढली. लंडनमध्ये कपड्यांचं दुकान टाकलं, ते आठ महिन्यांत बंद पडलं आणि उरलेला माल लोकांना फुकट वाटला. ऑफिसात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा पत्ता लागेना.

१९६८ मध्ये व्हाइट अल्बमच्या वेळी रिंगो काही दिवस बँड सोडून गेला. जानेवारी १९६९ मध्ये जॉर्ज निघून गेला. दोघेही परत आले, पण आता रुसलेल्याला समजावून आणायला मधला माणूस नव्हता. पॉल पुढाकार घेऊन सगळ्यांना कामाला लावायचा आणि बाकीच्यांना तो हुकूम सोडतोय असं वाटायचं. ब्रायनने सांगितलं तर ते मॅनेजरचं सांगणं होतं. पॉलने सांगितलं तर ते बरोबरीच्या मित्राचं.

शेवटचा घाव पैशाच्या प्रश्नाने घातला. नवा मॅनेजर कोण? जॉन, जॉर्ज आणि रिंगोला न्यूयॉर्कचा अॅलन क्लाइन हवा होता. पॉलला त्याच्या सासऱ्यांची, म्हणजे ईस्टमन यांची वकिली कंपनी. या भांडणात १९६९ मध्ये दोन गोष्टी हातच्या गेल्या. ब्रायनचा भाऊ क्लाइव्ह याने कुटुंबाकडची नेम्स एका गुंतवणूक कंपनीला विकली आणि डिक जेम्सने नॉर्दर्न साँग्जमधला आपला वाटा एटीव्ही कंपनीला विकला. जॉन आणि पॉलच्या स्वतःच्या गाण्यांचा ताबा तिऱ्हाइताकडे गेला. १९८५ मध्ये हेच हक्क मायकेल जॅक्सनने ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतले.

सप्टेंबर १९६९ मध्ये जॉनने बँड सोडत असल्याचं आतल्या आत सांगितलं. १० एप्रिल १९७० ला पॉल वेगळा झाल्याची बातमी जगभर पसरली. ३१ डिसेंबर १९७० ला पॉलने भागीदारी मोडण्यासाठी बाकी तिघांविरुद्ध लंडनच्या कोर्टात दावा लावला. कायद्याने सगळं मिटायला १९७५ उजाडलं.

मग योको ओनोचं काय? जॉनचं लक्ष बँडमधून उडालं होतं, स्टुडिओत तिच्या बसण्याने ताण वाढला होता, हे खरंच. जॉर्जला त्याची गाणी डावलली जातात असं वाटत होतं, हेही खरं. चौघेही तिशीकडे झुकले होते, लग्नं झाली होती, वाटा वेगळ्या होत होत्या. ब्रायन असता तरी बँड कधीतरी थांबला असता. पण मित्रांनी एकमेकांना कोर्टात खेचायची वेळ आली नसती, असं मानायला जागा आहे.

आज काय उरलं

१९६५ मध्ये बीटल्सच्या चौघांना ब्रिटिश सरकारने एमबीई हा सन्मान दिला. ब्रायनला दिला नाही. तो ज्यू होता आणि समलैंगिक होता म्हणून डावलला गेला, असं अनेकांना तेव्हाही वाटलं.

लोकांनी मात्र उशिरा का होईना, दखल घेतली. पाचवा बीटल कोण, या जुन्या वादात पॉल मॅकार्टनीने पुढे ब्रायनचंच नाव घेतलं. २०१४ मध्ये त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. २७ ऑगस्ट २०२२ ला, त्याच्या मृत्यूला ५५ वर्षं होत असताना, व्हाइटचॅपलमध्ये त्याच्या जुन्या दुकानाजवळ त्याचा पुतळा उभा राहिला. २०२४ मध्ये त्याच्यावर 'मिडास मॅन' हा सिनेमाही आला.

आणि बँड? जॉन १९८० मध्ये मारला गेला, जॉर्ज २००१ मध्ये कर्करोगाने गेला. तरीही जॉनच्या जुन्या टेपवरून पूर्ण केलेलं 'नाऊ अँड देन' हे गाणं नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

आज कोणताही बँड नाव काढायचं म्हटलं की एकसारखा लूक ठरवतो, परदेश दौरा आखतो, टीव्हीवर पहिली जागा मागतो, स्टेडियम भरवतो. टी-शर्ट आणि गाण्यांच्या हक्कांच्या करारावर सही करण्याआधी दहा वेळा वाचतो. यातली पहिली निम्मी यादी ब्रायन एपस्टाईनच्या कर्तबगारीतून आली आहे आणि उरलेली त्याच्या चुकांमधून.

पोरं उपाशी राहू नयेत, नावारूपाला यावीत म्हणून दार दार फिरणारा आणि भांडण लागलं की मध्ये उभा राहणारा असा एखादा माणूस बहुतेक घरांत आणि मित्रांच्या टोळक्यांत असतो. स्टेजवर तो नसतो, फोटोतही कडेला असतो. बीटल्समध्ये तो ब्रायन होता.